माया संस्कृतीचे भग्नावशेष : खासगी मार्गदर्शकासह पाहताना

मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून होंडुरासपर्यंत पसरलेली माया संस्कृतीची प्राचीन नगरे आज जगातील प्रमुख पर्यटनस्थळांत गणली जातात. उंच पायऱ्यांचे पिरॅमिड, चेंडूच्या खेळाची दगडी मैदाने, राजांच्या प्रतिमा कोरलेले शिलास्तंभ आणि अरण्यात अर्धवट बुडालेले राजवाडे पाहण्यासाठी दरवर्षी लाखो पर्यटक तेथे जातात. त्यांपैकी अनेकजण मोठ्या बसमधील गर्दीची सहल टाळून स्वतःपुरता किंवा कुटुंबापुरता मार्गदर्शक घेणे पसंत करतात. अशी खासगी सहल सोयीची असते हे खरेच. परंतु तिचे खरे मोल त्या मार्गदर्शकाच्या ज्ञानावर अवलंबून असते. माया अवशेषांविषयी गेल्या दीड-दोनशे वर्षांत इतक्या दंतकथा रूढ झाल्या आहेत की, पर्यटक तेथून इतिहास घेऊन परततो की कल्पित कथा, हे बहुतांशी सोबतच्या माणसावर ठरते.

माया प्रदेश आणि काळ

माया संस्कृतीचा प्रदेश आजच्या पाच देशांत विभागलेला आहे. मेक्सिकोतील युकातान, कांपेचे, किंताना रो, चियापास व ताबास्को ही राज्ये, संपूर्ण ग्वाटेमाला व बेलीझ, तसेच होंडुरास व एल साल्वाडोर यांचे पश्चिम भाग त्यात मोडतात. मायांचे एकच एक साम्राज्य कधीच नव्हते. स्वतंत्र राजघराणी असलेली अनेक नगरराज्ये होती. ती परस्परांशी व्यापार करीत, सोयरिकी जोडीत आणि युद्धेही करीत.

इ.स. २५० ते ९०० हा काळ अभ्यासक अभिजात काळ मानतात. तिकाल, पालेंके, कोपान आणि कालाकमुल ही नगरे या काळात भरभराटीस आली. मात्र माया प्रदेशातील मोठी बांधकामे त्याहून कितीतरी जुनी आहेत. ताबास्को राज्यातील आग्वादा फेनिक्स येथे २०२० मध्ये जाहीर झालेला मातीचा प्रचंड चौथरा इ.स.पूर्व १००० ते ८०० या काळातील असून त्याची लांबी सुमारे १.४ किलोमीटर आहे. नवव्या शतकात दक्षिणेकडील बहुतेक नगरे ओस पडली. दीर्घ अवर्षणे, राज्याराज्यांतील युद्धे आणि जमिनीवर पडलेला ताण ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. उत्तरेत चिचेन इत्झासारखी केंद्रे त्यानंतरही नांदत राहिली. शेवटचे स्वतंत्र माया राज्य ग्वाटेमालातील पेतेन इत्झा सरोवराकाठी होते. ते स्पॅनिश सैन्याने १६९७ मध्ये जिंकले.

मार्गदर्शकाची आवश्यकता

प्राचीन नगर पाहताना मार्गदर्शक कोठेही उपयोगी पडतो. माया नगरांच्या बाबतीत त्याला एक विशेष कारण आहे. या नगरांतील लेख विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाही नीट वाचता येत नव्हते.

युकातानमधील स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा याने १५६२ मध्ये मानी या गावी माया ग्रंथांची होळी केली. आज केवळ चार माया हस्तलिखिते शिल्लक आहेत. त्यांतील तीन ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस येथे, तर एक मेक्सिकोत आहे. ज्या लांदाने ग्रंथ जाळले, त्याच्याच टिपणांत माया लिपीतील काही चिन्हांचे उच्चार नोंदलेले आढळले, हा इतिहासातील मोठा विरोधाभास होय. त्या नोंदींच्या आधारे सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून असे दाखवून दिले की, माया लिपीतील अनेक चिन्हे अक्षरांप्रमाणे उच्चारदर्शक आहेत. माया भूमीवर पाऊल ठेवण्याची संधी त्यांना १९९० पर्यंत मिळाली नाही. तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० मध्ये पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांवरील तारखांचा अभ्यास करून त्या राजांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या व मृत्यूच्या असल्याचे सिद्ध केले.

त्यापूर्वी माया म्हणजे केवळ ग्रहताऱ्यांची गणिते मांडणारे शांतताप्रिय पुरोहित, असे चित्र रंगविले जात असे. लेख वाचले जाऊ लागल्यावर हाडामांसाचे राजे, राण्या, युद्धकैदी आणि वारसाहक्काचे तंटे समोर आले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतील माहिती आज पुष्कळशी कालबाह्य ठरली आहे ती यामुळेच. ज्याचे वाचन अद्ययावत आहे असा मार्गदर्शक आणि पाठ केलेली जुनी गोष्ट सांगणारा मार्गदर्शक यांतील अंतर म्हणूनच मोठे असते.

खासगी सहलीचे स्वरूप

खासगी सहल म्हणजे अवशेषांचे आवार केवळ त्या पर्यटकांसाठी राखून ठेवणे नव्हे. प्रवेशवेळ, तिकीट आणि नियम सर्वांना सारखेच असतात. मार्गदर्शक, आणि बहुधा वाहनही, एकाच गटासाठी असते एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे निघण्याची वेळ, मुक्काम आणि प्रत्येक वास्तूजवळ थांबण्याचा अवधी पर्यटकांना ठरविता येतो. वृद्ध व्यक्ती वा लहान मुले सोबत असतील तर याचा मोठा लाभ होतो.

मार्गदर्शक दोन प्रकारे मिळतो. पहिला प्रकार म्हणजे आधीच नोंदणी करून निवासस्थानापासून सोबत घेतलेला. दुसरा म्हणजे मोठ्या स्थळांच्या प्रवेशद्वारापाशी उपलब्ध असलेला. दुसऱ्या प्रकारात खर्च कमी येतो, तथापि निवडीला वाव थोडा असतो. मेक्सिकोत मार्गदर्शकांना केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. ग्वाटेमालात राष्ट्रीय पर्यटन संस्था आणि बेलीझमध्ये पर्यटन मंडळ असे परवाने देते. ओळखपत्र पाहण्याची मागणी करणे यात गैर काहीच नाही.

व्यवहार ठरविताना काही बाबी आधीच स्पष्ट कराव्यात : एकूण रकमेत प्रवेशशुल्क धरले आहे काय, किती तास मार्गदर्शन मिळणार, भाषा कोणती आणि वाटेत खरेदीसाठी थांबे आहेत काय. काही सहलींत अवशेषांपेक्षा दुकानांत अधिक वेळ जातो, अशी तक्रार पर्यटक नेहमी करतात. भारतीय पर्यटकांना बहुधा इंग्रजीतून मार्गदर्शन घ्यावे लागते. मार्गदर्शकाची परीक्षा घेण्याचा एक साधा मार्गही आहे. एखाद्या वास्तूविषयी 'हे कशावरून कळले?' असे विचारावे. जाणकार मार्गदर्शक लेख, उत्खनन किंवा अस्थींचा पुरावा सांगतो आणि जेथे अभ्यासकांत मतभेद आहेत तेथे तसे मोकळेपणाने मान्य करतो.

चिचेन इत्झा : कथा आणि पुरावा

युकातान राज्यातील चिचेन इत्झा हे सर्वाधिक गर्दीचे माया स्थळ असून १९८८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कानकुनपासून ते सुमारे २०० किलोमीटरवर, तर मेरिदापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. कानकुनचे घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे असते. पहाटे निघणाऱ्यास हा तास पदरात पडतो आणि बसगाड्या येण्यापूर्वी आवारात शिरता येते. येथे केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचे आणि राज्य शासनाचे अशी दोन शुल्के आकारली जातात. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना केंद्रीय शुल्क माफ असल्याने त्या दिवशी गर्दी वाढते.

आवाराच्या मध्यभागी कुकुलकान या पिसांच्या नागदेवतेचा पिरॅमिड आहे. त्याची उंची शिखरावरील मंदिरासह सुमारे ३० मीटर आहे. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक पायरी मिळून ३६५ हा वर्षाच्या दिवसांचा आकडा होतो. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास दुपारी उतरत्या उन्हात पायऱ्यांच्या कठड्यावर त्रिकोणी छाया पडतात आणि तळाशी कोरलेल्या नागमस्तकाकडे साप सरकत असल्याचा भास होतो. हे दृश्य विषुवदिनाच्या आगेमागे अनेक दिवस दिसते. बांधणाऱ्यांनी ते हेतुपूर्वक साधले होते काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पायऱ्यांसमोर टाळी वाजविल्यास क्वेत्झाल पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो. त्याबाबतही हेच म्हणावे लागते.

येथील महाक्रीडांगण सुमारे १६८ मीटर लांब असून माया प्रदेशातील सर्वांत मोठे आहे. 'विजेत्या संघाच्या नायकाचा शिरच्छेद होई व तो त्यास सन्मान मानी', ही गोष्ट येथे हमखास ऐकू येते. भिंतीवरील शिल्पात शिरच्छेद झालेला खेळाडू निश्चित दिसतो. त्याच्या मानेतून रक्ताच्या धारा नागांच्या रूपात उसळताना कोरल्या आहेत. परंतु तो जिंकलेला की हरलेला, हे शिल्प सांगत नाही. विजेत्याच्या बळीची गोष्ट ही नंतरची भर आहे.

दुसरी प्रसिद्ध कथा 'पवित्र सेनोते'ची. युकातानच्या चुनखडीच्या भूमीवर नद्या जवळजवळ नाहीत. भूगर्भातील पाण्यावरचे छत कोसळून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरींना सेनोते म्हणतात. चिचेन इत्झाच्या सेनोतेत सुंदर कुमारिकांचा बळी दिला जाई, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन गृहस्थाने १९०४ पासून या सेनोतेतील गाळ उपसला आणि सापडलेल्या असंख्य वस्तू अमेरिकेत हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात नेल्या. त्यांपैकी काहीच पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. गाळातून निघालेल्या अस्थी पुरुषांच्या, स्त्रियांच्या व बालकांच्याही होत्या. या सेनोतेजवळच्या एका भूमिगत कोठारात १९६७ मध्ये शंभराहून अधिक बालकांचे अवशेष सापडले होते. त्यांपैकी ६४ बालकांच्या जनुकांची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सर्व बालके मुलगे होती. त्यांतील अनेक परस्परांचे निकटचे नातलग होते आणि जुळ्या भावांच्या दोन जोड्याही त्यांत होत्या. कुमारिकांची कथा सांगून पुढे सरकणारा मार्गदर्शक या पुराव्यापासून पर्यटकाला वंचित ठेवतो.

उश्माल आणि पालेंके

मेरिदाच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवरील उश्माल येथे तुलनेने शांतता असते. सफाईने कापलेल्या हजारो दगडी तुकड्यांची जडणघडण करून भिंतीच्या वरच्या भागावर नक्षी उभारण्याची पुउक शैली येथे उत्तम पाहावयास मिळते. लांब वळलेल्या नाकाचे, पर्जन्यदेव चाक याचे मानले जाणारे मुखवटे ओळीने दिसतात. नदी नाही आणि सेनोतेही जवळ नाही अशा प्रदेशात पावसाचे पाणी हौदांत साठवून हे नगर जगले. त्यामुळे पर्जन्यदेवाला मिळालेले स्थान सहज समजते.

चियापासमधील पालेंके हे लेखवाचनाने इतिहास कसा उलगडला याचे उत्तम उदाहरण होय. मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइयेर यांना येथील 'लेखांच्या मंदिरा'त फरशीखाली दगडमातीने बुजविलेला जिना आढळला. तो मोकळा करण्यास अनेक हंगाम लागले आणि १९५२ मध्ये तळाशी राजसमाधी सापडली. डिसेंबर १९७३ मध्ये पालेंके येथेच भरलेल्या परिषदेत अभ्यासकांनी या राजघराण्याचा क्रम वाचून काढला. समाधीतील राजा किनिच जनाब पकाल हा ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ पर्यंत, म्हणजे ६८ वर्षे राज्य करीत होता.

त्याच्या शवपेटीच्या दगडी झाकणावरील शिल्प अग्निबाणात बसलेल्या अंतराळवीराचे आहे, असा प्रचार १९६८ पासून एका खपाच्या पुस्तकाने केला व तो आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात शिल्पातील प्रत्येक घटक इतर माया शिल्पांतही आढळतो. खाली पाताळाचा जबडा, मध्ये राजा आणि त्याच्या वर विश्ववृक्ष अशी ही रचना असून मृत्यू व पुनर्जन्म हा तिचा विषय आहे. परग्रहवासीयांची कथा निरुपद्रवी वाटते, पण तिचा अर्थ असा होतो की, ही नगरे बांधण्याची क्षमता येथील लोकांत नव्हती. मूळ समाधीगृह पर्यटकांसाठी बंद आहे. राजाचा जेड दगडाचा मुखवटा मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे.

तिकाल : अरण्यातील राजधानी

ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतातील तिकाल हे ५७६ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात वसलेले आहे. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर १९७९ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फ्लोरेस या गावापासून हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. वास्तू दूरदूर विखुरल्या असल्याने किमान पाच-सहा तास चालण्याची तयारी हवी. माकडे, टूकन पक्षी आणि नाकाळू कोआटी प्राणी वाटेत दिसतात. त्यामुळे प्राणी-वनस्पतींची जाण असलेला मार्गदर्शक येथे अधिक उपयोगी ठरतो.

मुख्य चौकातील पहिले मंदिर सुमारे ४७ मीटर उंच आहे. त्याखाली हसाव चान काविल या राजाचे दफन मिळाले. ६८२ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने ६९५ मध्ये बलाढ्य कालाकमुलचा पराभव करून तिकालचे गतवैभव परत मिळविले. सुमारे ६५ मीटर उंचीचे चौथे मंदिर त्याच्या पुत्राच्या काळातील आहे. लाकडी जिन्याने वर गेल्यावर झाडांच्या शेंड्यांवर डोके काढलेली अन्य मंदिरे दिसतात. पहाटेच्या सहलीसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते.

तिकालच्या मंदिरांच्या द्वारपट्ट्या मराठी वाचकाला ओळखीच्या वाटाव्यात. त्या चिकूच्या लाकडाच्या आहेत. चिकूचे झाड मूळचे याच प्रदेशातील. त्याचे लाकूड इतके टिकाऊ की, बाराशे वर्षांपूर्वीच्या काही कोरीव पट्ट्या अद्याप शाबूत आहेत. त्यांतील उत्कृष्ट नमुने एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे नेण्यात आले. पालघर जिल्ह्यातील घोलवड-डहाणूच्या वाड्यांत बहरलेला चिकू आणि पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेली मिरची ही दोन्ही पिके अमेरिकेच्या या भागातून जगभर पोहोचली.

तिकाललाही नदी नाही. पावसाचे पाणी साठविण्यासाठी मोठे तलाव बांधण्यात आले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांपैकी एका तलावाचे पाणी गाळण्यासाठी दूरवरून आणलेले झिओलाइट हे खनिज वापरले गेले होते.

कोपान : दगडात कोरलेला ग्रंथ

होंडुरासमधील कोपान येथे उंचीपेक्षा शिल्पकलेचे वैभव अधिक आहे. अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड १८३९ मध्ये येथे आले. स्टीफन्सने ही जागा ५० डॉलरना विकत घेतली होती. त्याचे लेखन व कॅथरवुडची चित्रे १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि माया नगरांकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

येथील लेखांच्या जिन्यावर दोन हजारांहून अधिक चिन्हे कोरलेली आहेत. हा माया प्रदेशातील सर्वांत दीर्घ शिलालेख होय. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन झाले तेव्हा बहुतेक पायऱ्या कोसळलेल्या होत्या आणि त्या पुन्हा रचताना लेखाचा क्रम बिघडला. एका चौकोनी वेदीच्या चार बाजूंवर सोळा बैठ्या व्यक्ती कोरलेल्या आहेत. एकेकाळी ही ज्योतिर्विदांची परिषद मानली जाई. लेख वाचल्यावर ते कोपानचे सोळा राजे असल्याचे उघड झाले. पहिला राजा सोळाव्याच्या हाती सत्तेचे चिन्ह सोपवीत आहे. तेरावा राजा शिल्पकलेचा मोठा आश्रयदाता होता. त्याला ७३८ मध्ये किरिग्वा या मांडलिक राज्याने पकडून ठार केले.

अवशेषांच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांचा काही भाग वेगळ्या तिकिटावर पाहता येतो. नव्या मंदिराखाली जुने मंदिर जपून पुरण्याची माया पद्धत तेथे प्रत्यक्ष दिसते. असेच पुरलेले रोसालिला मंदिर १९८९ मध्ये सापडले. त्याची पूर्ण आकाराची रंगीत प्रतिकृती तेथील शिल्पसंग्रहालयात उभारलेली आहे. आज करडे दिसणारे हे दगड एकेकाळी लाल-पिवळ्या रंगांनी झळाळत होते, हे त्यावरून कळते.

दुर्गम स्थळे आणि नवे शोध

ग्वाटेमालाच्या उत्तर टोकाकडील एल मिराडोर येथे जाण्यासाठी कार्मेलिता गावातून स्थानिक वाटाड्या व खेचरांसह जाऊन-येऊन सुमारे पाच दिवसांची पायपीट करावी लागते. तेथील ला दांता ही वास्तू सुमारे ७२ मीटर उंच असून ती अभिजात काळाच्याही आधीची आहे. विमानातून लेझर किरण सोडून झाडीखालील जमिनीचे मापन करण्याच्या तंत्राने या अरण्याचे चित्र पालटले. ग्वाटेमालात २,१०० चौरस किलोमीटर क्षेत्रात ६० हजारांहून अधिक बांधकामे असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. पर्यटकाला दिसणारे चौक व मंदिरे हा मूळ नगराचा अल्पसा भाग असतो. उर्वरित घरे, शेतीचे बांध आणि रस्ते अद्याप मातीखालीच आहेत.

नियम आणि पूर्वतयारी

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ प्रवासास सोयीचा असतो. मे ते ऑक्टोबर पाऊस व उकाडा असतो आणि जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम मानला जातो. पाण्याची बाटली, टोपी, चांगले बूट आणि डास प्रतिबंधक मलम जवळ असावे. सेनोतेत पोहण्यापूर्वी अंगावरील मलम धुऊन टाकण्यास सांगितले जाते, कारण हेच भूजल परिसरातील गावांच्या उपयोगाचे असते.

चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर चढण्यास बंदी आहे. लाखो पावलांनी झिजलेल्या पायऱ्या आणि घडलेले अपघात ही त्याची कारणे आहेत. ड्रोन तसेच तिपाईवरील चित्रीकरणास मेक्सिकोत पूर्वपरवानगी लागते. प्राचीन वस्तू राष्ट्राची मालमत्ता असल्याने मातीत सापडलेला खापराचा तुकडाही उचलणे गुन्हा ठरतो. भारतीय पारपत्रधारकांनी व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी संबंधित देशाच्या दूतावासाकडून तपासून घ्यावेत.

मेक्सिकोतील सुमारे १,५५० किलोमीटर लांबीची 'माया रेल्वे' डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि अनेक स्थळे लोहमार्गाने जोडली गेली. तिच्या बांधकामात झालेली वृक्षतोड आणि भूगर्भातील गुहांना पोहोचलेली हानी यांवरून मोठा वाद झाला. त्याच वेळी मार्गावरील उत्खननात हजारो पुरावस्तू हाती आल्या.

लुप्त न झालेला समाज

माया लोक एकाएकी नाहीसे झाले, हे सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे विधान सर्वांत मोठी चूक आहे. ओस पडली ती नगरे. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ६० लाखांहून अधिक लोकांनी, म्हणजे सुमारे ४२ टक्के नागरिकांनी, आपली नोंद माया अशी केली. तेथे २२ माया भाषांना मान्यता आहे. मेक्सिकोत युकातानी माया भाषा बोलणारे सुमारे पावणेआठ लाख लोक आहेत. सेनोते हा शब्दही याच भाषेतून स्पॅनिशमध्ये गेला.

या समाजाने अलीकडच्या काळातही मोठे आघात सोसले. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात चाललेल्या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले वा बेपत्ता झाले. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. किचे माया समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. शांतता करारांमध्ये प्राचीन स्थळांवर धार्मिक विधी करण्याचा माया समाजाचा हक्क मान्य करण्यात आला. तिकालच्या मुख्य चौकात आजही धूप जाळून विधी होतात. अशा वेळी शांत राहणे आणि अनुमतीवाचून छायाचित्र न घेणे हा साधा शिष्टाचार होय.

किंबहुना अवशेषांचे पहिले मार्गदर्शक हे लोकच होते. बोनाम्पाक येथील युद्धाची रंगीत भित्तिचित्रे १९४६ मध्ये बाहेरच्या जगाला दिसली ती लाकांदोन माया लोकांनी वाट दाखविली म्हणून. चिकूच्या झाडाचा चीक गोळा करीत अरण्यात हिंडणाऱ्यांमुळेही अनेक स्थळांचा माग लागला. पुस्तकांतून मात्र शोधाचे श्रेय बहुधा पाहुण्यांच्या नावावर जमा झाले.

आज माया भाषिक मार्गदर्शक अनेक स्थळांवर काम करतात. २० या आकड्यावर आधारलेली अंकपद्धती, भारतीय गणितापासून स्वतंत्रपणे विकसित झालेली शून्याची कल्पना आणि २६० दिवसांचे धार्मिक पंचांग यांविषयी ते सांगतात तेव्हा तो केवळ प्राचीन इतिहास नसतो. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील काही गावांत ते पंचांग अजून पाळले जाते. २१ डिसेंबर २०१२ रोजी जगबुडी होणार, असा गाजावाजा झाला होता. त्या दिवशी मायांच्या दीर्घ कालगणनेतील एक आवर्तन पुरे झाले आणि पुढचे सुरू झाले, इतकेच.

मार्गदर्शकाची निवड करताना पर्यटक दरपत्रक, वाहन आणि वेळ पाहतात. त्या जोडीला मार्गदर्शक कोठला, त्याची मातृभाषा कोणती आणि सहलीच्या रकमेतील किती वाटा त्याच्या हाती पडतो, हेही विचारावे. ज्यांच्या पूर्वजांनी ही नगरे उभारली ते लोक अवशेषांच्या शेजारच्याच गावांत राहतात. त्यांच्या तोंडून ऐकलेला इतिहास घेऊन परतलेला पर्यटक 'माया लोक कोठे गेले?' असा प्रश्न पुन्हा विचारणार नाही.